नोकरीचे रक्षण की कामगाराचे?

तळेगाव दाभाडे या गावाला कारखानदारी नवी नाही. लोकांकडून पैसा पैसा गोळा करून स्वदेशी उद्योग उभारावा या हेतूने निघालेल्या पैसा फंडाचा काच कारखाना १९०८ साली याच गावी सुरू झाला. त्या कारखान्याने काच तयार केली, त्याचप्रमाणे काच तयार करणारी माणसेही तयार केली. तेथे शिकलेले कारागीर पुढे देशातील इतर काच कारखान्यांत गेले आणि तेथे त्यांच्या कसबाला मोल आले. या घटनेला शंभर वर्षे पूर्ण होत असताना, सप्टेंबर २००८ मध्ये, तळेगावच्याच औद्योगिक वसाहतीत जनरल मोटर्स या बलाढ्य अमेरिकन कंपनीचा मोटार कारखाना सुरू झाला. मावळातील भातखाचरांच्या जागी यंत्रे आली आणि शेतकऱ्यांच्या मुलांना कायम नोकरीची स्वप्ने पडू लागली. ती स्वप्ने बारा वर्षे टिकली. डिसेंबर २०२० मध्ये या कारखान्यातील उत्पादन थांबले. काच कारखान्यातून बाहेर पडणारा कारागीर आपले कसब बरोबर नेत होता. मोटार कारखान्यातून बाहेर पडलेल्या हजाराहून अधिक कायम कामगारांच्या हाती काय होते, हा प्रश्न मात्र अजूनही विचार करण्याजोगा आहे.

हा प्रश्न एका कंपनीच्या वर्तनाचा नाही. उद्योगांना बदलत्या बाजारपेठेप्रमाणे माणसे कमी-अधिक करण्याची मोकळीक किती असावी आणि कामगाराला जीवनाची शाश्वती किती असावी, हा जगातील सर्व औद्योगिक देशांपुढील प्रश्न आहे. मावळ तालुक्याने त्याची दोन्ही टोके पाहिली आहेत, म्हणून तो येथून पाहणे सोयीचे आहे.

तळेगावचा अनुभव

घटनाक्रम थोडक्यात असा आहे. भारतीय बाजारपेठेत अपेक्षित यश न मिळाल्याने जनरल मोटर्सने २०१७ च्या अखेरीस देशातील मोटारविक्री बंद केली. गुजरातमधील हालोलचा कारखाना दुसऱ्या कंपनीकडे गेला. तळेगावचा कारखाना केवळ निर्यातीसाठी चालू राहिला. जानेवारी २०२० मध्ये तो ग्रेट वॉल मोटर्स या चिनी कंपनीला विकण्याचा निर्णय जाहीर झाला. त्यानंतर काही महिन्यांतच लडाखमध्ये गलवानचा संघर्ष झाला. शेजारी देशांतून येणाऱ्या गुंतवणुकीला केंद्र सरकारची पूर्वपरवानगी आवश्यक करण्याचा निर्णय त्याआधी एप्रिलमध्येच झाला होता. आता ती परवानगी मिळणे दुरापास्त झाले. विक्रीचा करार २०२२ मध्ये संपुष्टात आला. दरम्यान उत्पादन थांबले होते आणि एप्रिल २०२१ मध्ये कामगारांना ले-ऑफ देण्यात आला होता. कामगार संघटनेने बंदीला विरोध केला. प्रकरण कायद्याच्या वाटेने गेले आणि आंदोलनेही झाली. ऑगस्ट २०२३ मध्ये ह्युंदाई या कोरियन कंपनीने कारखाना घेण्याचा करार केला. २०२५ च्या अखेरीस त्याच जागेतून नव्या कंपनीच्या मोटारी बाहेर पडू लागल्या.

या व्यवहारातील एक बारकावा लक्षात घेण्याजोगा आहे. नव्या कंपनीने जमीन, इमारती आणि काही यंत्रसामग्री खरेदी केली. त्या यादीत कामगार नव्हते. नव्या मालकाने जुन्या कामगारांना सामावून घ्यावे, ही कामगारांची प्रमुख मागणी होती. परंतु मालमत्तेच्या खरेदीत असे बंधन आपोआप येत नाही. चालता उद्योग हस्तांतरित होणे वेगळे आणि बंद कारखान्याची मालमत्ता विकली जाणे वेगळे, असा भेद कायदा करतो. कायद्याच्या दृष्टीने तो भेद योग्य असेलही. पण ज्याने त्या यंत्रावर बारा वर्षे हात चालविला, त्याला यंत्र राहिले आणि आपण गेलो एवढेच दिसते.

परवानगीची भिंत

वास्तविक भारतातील कायदा याबाबत जगातील कठोर कायद्यांपैकी मानला जात असे. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात १९५३ साली ले-ऑफ आणि कामगारकपातीच्या भरपाईची तरतूद झाली. १९७६ साली आणीबाणीच्या काळात आणखी एक प्रकरण जोडले गेले. तीनशे किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या कारखान्याला ले-ऑफ, कपात किंवा बंदीसाठी सरकारची पूर्वपरवानगी घ्यावी लागेल, असे त्यात म्हटले होते. बंदीविषयीचे कलम सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये रद्दबातल ठरविले. १९८२ च्या दुरुस्तीने ते नव्या स्वरूपात परत आले आणि कामगारांची मर्यादा शंभरावर आणण्यात आली.

या भिंतीने काय साधले? तळेगावच्या कायम कामगारांना तिने वाटाघाटीसाठी काही काळ आणि काही बळ निश्चित दिले. ते कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु जिथे मोटारच तयार होत नाही, तिथे कोणताही कायदा नोकरी जिवंत ठेवू शकत नाही. ले-ऑफच्या काळात मूळ वेतन आणि महागाई भत्ता यांच्या निम्मी भरपाई मिळते. कपात वा बंदी झाल्यास सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार, हे भरपाईचे किमान प्रमाण आहे. बारा वर्षे काम केलेल्या माणसाला या हिशेबाने सहा महिन्यांचा पगार मिळतो. वय चाळिशीकडे झुकलेले, घराचे कर्ज डोक्यावर आणि मुले शाळेत, अशा कुटुंबाने पुढची वीस वर्षे त्यावर कशी काढावी, याचे उत्तर कायद्यात नव्हते.

भिंतीचा दुसरा परिणाम अधिक खोल झाला. कायम कामगाराला कमी करणे कठीण, म्हणून मालकांनी कायम कामगार नेमणेच कमी केले. कंत्राटी कामगार, प्रशिक्षणार्थी, हंगामी कामगार अशा नावांनी भिंतीबाहेर नवा कामगारवर्ग उभा राहिला. देशातील संघटित कारखान्यांत आज दहा कामगारांपैकी सुमारे चार कंत्राटदाराकरवी येतात. लोणावळ्याहून पुण्याकडे निघणाऱ्या लोकलमध्ये कामशेत, कान्हे, वडगाव या स्थानकांवर चढणाऱ्या तरुणांपैकी कित्येकांना आपला खरा मालक कोण, हे सांगता येणार नाही. त्यांना कामावरून कमी करण्यासाठी मंत्रालयाच्या परवानगीची गरज पडत नाही. कंत्राटदाराचा एक निरोप पुरतो.

एक कंपनी, अनेक देश

जनरल मोटर्सने त्याच दशकात इतर देशांतही कारखाने बंद केले. तेथील कामगारांच्या वाट्याला काय आले, हे पाहिले तर कायद्यांतील फरक स्पष्ट होतो.

जर्मनीत बोखुम येथील ओपेलचा कारखाना डिसेंबर २०१४ मध्ये बंद झाला. ओपेल त्या वेळी जनरल मोटर्सच्या मालकीची होती. जर्मन कायद्यानुसार मालकाला सरकारची परवानगी मागावी लागत नाही. मात्र कामगारांच्या निर्वाचित समितीबरोबर बसून बंदीचे परिणाम सौम्य करणारा ‘सामाजिक आराखडा’ ठरवावा लागतो. बोखुमच्या बहुसंख्य कामगारांना या आराखड्याप्रमाणे एका संक्रमण कंपनीत घेण्यात आले. तेथे त्यांनी नवे शिक्षण घ्यावे, नोकरी शोधावी आणि त्या काळात पगाराचा बराच भाग त्यांना मिळत राहावा, अशी ही योजना असते. खर्चाचा काही भार कंपनी उचलते, तर काही भार कामगार व मालक यांच्या वर्गणीतून चालणारी बेकारी विमा यंत्रणा उचलते.

ऑस्ट्रेलियात एलिझाबेथ येथील होल्डनचा कारखाना ऑक्टोबर २०१७ मध्ये बंद झाला. पण बंदीची घोषणा डिसेंबर २०१३ मध्येच झाली होती. जवळजवळ चार वर्षांचा अवधी कामगारांना मिळाला आणि कारखान्याच्या आवारातच पुढील कामाची तयारी करून देणारे केंद्र चालविले गेले. दक्षिण कोरियातील गुनसान येथे याच्या उलट घडले. फेब्रुवारी २०१८ मध्ये घोषणा झाली आणि मेअखेरीस कारखाना बंद झाला. सुमारे दोन हजार कामगारांपैकी बहुतेकांनी स्वेच्छानिवृत्तीची रक्कम घेतली; सरकारने ते शहर संकटग्रस्त क्षेत्र म्हणून जाहीर करून मदत दिली. खुद्द अमेरिकेत, ओहायो राज्यातील लॉर्डस्टाउनचा कारखाना मार्च २०१९ मध्ये थांबला, तेव्हा संघटनेशी असलेल्या करारामुळे कामगारांना कंपनीच्या दुसऱ्या कारखान्यात जाण्याची संधी मिळाली. त्यासाठी अनेकांना घरदार सोडून शेकडो मैल दूर जावे लागले.

या सर्व ठिकाणी कामगार सुखी झाले, असा निष्कर्ष काढणे भाबडेपणाचे ठरेल. बोखुममध्ये सर्वांना पूर्वीसारखी नोकरी मिळाली नाही. ऑस्ट्रेलियातही अनेकांना कमी वेतनाच्या वा अर्धवेळ कामावर समाधान मानावे लागले. पण एक गोष्ट उघड आहे. कारखाना बंद करणे सर्वत्र शक्य होते. जिथे पूर्वसूचना, शिक्षण आणि मधल्या काळातील उत्पन्न यांची व्यवस्था आधीच होती, तिथे आघात सोसण्याजोगा झाला.

डेन्मार्कचा सौदा

या विचाराला सर्वांत व्यवस्थित रूप डेन्मार्कने दिले. त्या देशात मालक आणि कामगार संघटना यांच्यात १८९९ साली प्रदीर्घ संघर्षानंतर तडजोड झाली. कारखाना कसा चालवावा हा मालकाचा अधिकार कामगारांनी मान्य केला. संघटित होण्याचा कामगारांचा अधिकार मालकांनी मान्य केला. बेकारी निधींना १९०७ साली सरकारी मान्यता मिळाली. आज डेन्मार्कमध्ये कामगाराला कमी करणे मालकाला तुलनेने सोपे आहे. मात्र निधीचा सभासद असलेल्या कामगाराला, ठराविक कमाल मर्यादेत, पूर्वीच्या वेतनाच्या ९० टक्क्यांपर्यंत भत्ता साधारण दोन वर्षे मिळू शकतो. त्याच्या बदल्यात त्याने नोकरी शोधली पाहिजे आणि सांगितलेले प्रशिक्षण घेतले पाहिजे. मालकाला मोकळीक, कामगाराला उत्पन्नाची हमी आणि दोघांमध्ये शिक्षणाचा पूल, असा हा तिहेरी सौदा आहे. हॉलंडने १९९९ साली ‘लवचीकता आणि सुरक्षितता’ या नावाचाच कायदा केला.

सौद्याचा अर्धाच भाग उचलला तर काय होते, हे स्पेनने दाखविले. तेथे कायम कामगारांचे संरक्षण कायम ठेवून तात्पुरत्या नेमणुकांना मुभा देण्यात आली. २००८ च्या सुमारास जवळजवळ एकतृतीयांश नोकरदार तात्पुरते होते. आर्थिक संकट आले तेव्हा पहिली कुऱ्हाड त्यांच्यावर पडली आणि २०१३ मध्ये बेकारीचे प्रमाण पंचवीस टक्क्यांच्या वर गेले. अखेर २०२१ च्या डिसेंबरमध्ये स्पेनला तात्पुरत्या नेमणुकांवर निर्बंध आणणारी सुधारणा करावी लागली. कायम आणि कंत्राटी अशी फाळणी झालेल्या महाराष्ट्रातील औद्योगिक पट्ट्यांनी धडा घ्यायचा तो डेन्मार्कइतकाच स्पेनपासूनही.

लोणावळ्याचे दुसरे टोक

तळेगावपासून रेल्वेने सुमारे तीस किलोमीटरवर लोणावळा आहे. येथील रोजगार म्हणजे हॉटेलातील वाढपी आणि आचारी, बंगल्यांचे माळी आणि राखणदार, चिक्कीच्या कढईपुढे उभे राहणारे कामगार, पावसाळ्यात भुशी धरणाच्या वाटेवर भजी आणि मक्याची कणसे विकणारे. यांतील बहुतेकांना नेमणुकीचे पत्र नसते. शनिवार-रविवारी काम अधिक, मंगळवारी कमी. पावसाळ्यात हात पुरत नाहीत, उन्हाळा सरताना काम शोधावे लागते. अर्थशास्त्रज्ञ ज्याला संपूर्ण लवचीक श्रमबाजार म्हणतील, तो येथे पिढ्यानपिढ्या नांदत आहे. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी जाहीर झाली, तेव्हा या कामगारांचे काम एका दिवसात थांबले. त्यांच्यासाठी ले-ऑफची भरपाई नव्हती आणि दाद मागायला न्यायाधिकरणही नव्हते.

या दोन टोकांचे नाते जुने आहे. लोणावळा, वळवण आणि शिरवत्याच्या धरणांचे पाणी घाटाखाली खोपोलीला उतरवून टाटांनी १९१५ पासून मुंबईला वीज दिली आणि त्या विजेवर गिरण्या चालल्या. त्या गिरण्यांतही कायम कामगाराच्या शेजारी ‘बदली’ कामगार असे. तो रोज सकाळी दारात उभा राही; कोणी गैरहजर असेल तर काम, नाही तर परत खोलीवर. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले. बदली कामगारांची दुःस्थिती हा त्या असंतोषाचा एक भाग होता. संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद होत गेल्या, तेव्हा कायम आणि बदली हा भेद उरला नाही. सर्वांचीच सुरक्षितता एका विशिष्ट गिरणीतील एका विशिष्ट जागेला बांधलेली होती. गिरणी गेली आणि तीही गेली.

घरचा धडा

यावर असे म्हटले जाते की, डेन्मार्क हा छोटा आणि संपन्न देश. तेथील बहुसंख्य कामगार संघटित आहेत आणि करही भरपूर आहेत. भारताला हे कसे जमावे? आक्षेप खरा आहे. पण सुरक्षितता एका मालकाला न बांधता कामगारालाच बांधावी, हे तत्त्व परदेशातून आणण्याची महाराष्ट्राला गरज नाही. १९६९ चा माथाडी कायदा याच तत्त्वावर उभा आहे.

माथाडी कामगाराला एक मालक नसतो. आज या व्यापाऱ्याचा माल, उद्या त्या गोदामाचा. अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखालील चळवळीतून आलेल्या या कायद्याने मालक, कामगार आणि सरकार यांच्या प्रतिनिधींची मंडळे निर्माण केली. कामगाराची नोंदणी मंडळाकडे होते. व्यापारी कामाप्रमाणे मजुरी आणि तिच्यावर लेव्ही मंडळाकडे भरतो. त्या लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, रजेचा पगार आणि औषधोपचार यांची सोय होते. व्यापाऱ्याला आवश्यक तेवढेच हात मिळतात आणि हमालाला म्हातारपणाची तरतूद मिळते. १९८१ मध्ये खाजगी सुरक्षारक्षकांसाठी याच धर्तीवर कायदा झाला. या मंडळांच्या कारभारात दोष शिरले, काही ठिकाणी संघटनांच्या नावाखाली खंडणीखोरी झाल्याच्या तक्रारी आल्या, हे नाकारता येत नाही. परंतु दोष कारभाराचे आहेत. तत्त्व पन्नास वर्षांहून अधिक काळ टिकले आहे.

या पार्श्वभूमीवर नव्या कायद्याकडे पाहिले पाहिजे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता अमलात आल्या. औद्योगिक संबंध संहितेने परवानगीची मर्यादा शंभरावरून पुन्हा तीनशे कामगारांवर नेली आणि मुदतबंद नेमणुकांना मान्यता दिली. मुदतबंद कामगाराला कायम कामगाराइतकेच वेतन आणि एका वर्षाच्या सेवेनंतर ग्रॅच्युइटी, ही तरतूद स्वागतार्ह आहे. कपात झालेल्या कामगारासाठी पुनर्कौशल्य निधीही ठेवला आहे. मालकाने त्यात पंधरा दिवसांच्या वेतनाइतकी रक्कम भरावयाची आणि ती कामगाराच्या खात्यावर जमा व्हावयाची. तत्त्व योग्य आहे, प्रमाण मात्र तुटपुंजे आहे. पंधरा दिवसांच्या वेतनात वेल्डिंग करणारा माणूस विजेवर चालणाऱ्या मोटारींचे तंत्र शिकू शकत नाही.

बेकारी भत्त्याचीही तीच गत आहे. राज्य विमा महामंडळाने २००५ आणि २०१८ मध्ये नोकरी गमावलेल्यांसाठी योजना आणल्या. २०१८ च्या योजनेत नव्वद दिवसांपर्यंत मदत मिळते आणि तिचे प्रमाण २०२० मध्ये सरासरी कमाईच्या २५ टक्क्यांवरून ५० टक्के करण्यात आले. पण विम्यात येण्यासाठी वेतनाची मर्यादा आहे. २०१७ मध्ये ती दरमहा २१ हजार रुपये ठरली. मोटार कारखान्यातील जुन्या कायम कामगाराचे वेतन तिच्या वर जाते आणि तो बाहेर पडतो. लोणावळ्याच्या बंगल्यावरील माळ्याचे वेतन तिच्या खाली असते, पण त्याची नोंदच नसते. एक वरून निसटतो, दुसरा खालून.

म्हणून मोकळीक द्यावी की देऊ नये, हा वाद आता पुरे झाला. मोकळीक दिली गेली आहे. तिची किंमत कोणी आणि कशी चुकवावी, हा खरा प्रश्न आहे. ज्याला कामगार कमी करण्याचा अधिकार हवा, त्याने कामगाराच्या पुढील वर्षभराच्या निर्वाहासाठी आणि शिक्षणासाठी आधीपासून वर्गणी भरावी, यात अन्याय काहीच नाही. कायम, कंत्राटी आणि मुदतबंद असा भेद न करता प्रत्येकाची नोंद असावी आणि ती मालक बदलला तरी पुसली जाऊ नये. कपात झालेल्या कामगाराला पुन्हा भरतीत प्राधान्य देण्याचे तत्त्व कायद्याला जुन्या मालकापुरते मान्य आहे. सरकारी सवलती घेऊन त्याच जागेत येणाऱ्या नव्या मालकालाही ते लागू करण्याची अट राज्य सरकारला घालता येईल. बंदीची सूचना काही महिन्यांची नव्हे, वर्षाची असावी.

कारखाने येतील आणि जातील. तळेगावात काच आली, मोटार आली, एक कंपनी गेली आणि दुसरी आली. मालकांना बाजारपेठेप्रमाणे जागा बदलण्याची सोय आहे. मावळातल्या माणसाला ती नाही. त्याचे घर, त्याची उरलीसुरली जमीन आणि मुलांची शाळा तिथेच आहे. कारखाना त्याच्यासाठी थांबणार नसेल, तर मधल्या काळात त्याची चूल पेटती ठेवण्याची व्यवस्था तरी समाजाने केली पाहिजे. एकेक पैसा जमवून ज्यांनी कारखाना उभारला, त्यांना वर्गणीचे हे गणित अवघड वाटले नसते.